टाकीबरोबर त्याच दिवशी मासे विकणाऱ्या दुकानदारास खुलं पत्र

माननीय दुकानदार महाशय,

शनिवारी माझा भाचा तुमच्या दुकानातून खाऱ्या पाण्याची टाकी, फिल्टर, मिठाची पिशवी आणि क्लाउनफिशची जोडी घेऊन आला. मीठ विरघळलं की मासे सोडा, असं तुम्ही त्याला सांगितलंत. आठवड्याच्या आत दोन्ही मासे मेले. तुमचं उत्तर तयारच होतं: ‘‘नाजूक मासा आहे, दुसरी जोडी घेऊन जा.’’

नाजूक? नीट सांभाळला तर हा मासा घरच्या टाकीत दहा वर्षांहून जास्त जगतो. मी पाणी तपासलं, तर अमोनियाच्या चाचणीचा रंग गर्द हिरवा, म्हणजे अमोनिया भरपूर. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं कुजूनही तो वाढतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. या जिवाणूंची वस्ती दगडांवर आणि फिल्टरमध्ये बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही ते एका संध्याकाळात उरकलंत! त्यात समुद्री पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ च्या आसपास. पीएच आणि तापमान जितकं चढं, तितका जास्त अमोनिया विषारी रूपात राहतो. मुंबईच्या मे महिन्यात टाकीचं पाणी सहज तिशीपार जातं.

हे तुम्हाला माहीत नाही, असं कसं म्हणू? तुमच्या स्वतःच्या शोभेच्या टाकीत जुने दगड आहेत, फेसाबरोबर घाण काढणारा स्किमर चालू आहे, पाणी आरओचं आहे. म्हणजे ज्ञान आहे. ते फक्त गिऱ्हाइकाला द्यायचं नाही.

आणि ‘‘पाणी घटलं की मिठाचं पाणी ओता’’ हा सल्ला कुठून काढलात? वाफ पाण्याची होते, मीठ टाकीतच राहतं. घटलेल्या पाण्याच्या जागी क्लोरीन नसलेलं गोडं पाणीच घालायचं. नाहीतर हजारी ३५ भाग असलेली क्षारता चढतच जाते आणि वाचलेला मासाही त्यात जातो.

माझा भाचा बारा वर्षांचा आहे. आपल्याच हातून मासे मेले, असं त्याला वाटतं. ते त्याच्या हातून मेले नाहीत, तुमच्या घाईनं मेले.

पुढचं गिऱ्हाईक आलं की त्याला टाकी द्या, समुद्री मीठ द्या, दगड द्या, चाचणीचा संच द्या. मासा मात्र देऊ नका. पाण्यात अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले की नमुना घेऊन या, असं सांगून त्याला परत पाठवा.