आपली उपस्थिती हाच आहेर

लग्नपत्रिकेच्या तळाशी छापलेलं असतं, 'कृपया आहेर आणू नये, आपली उपस्थिती हाच आहेर.' वाचायला फार सभ्य वाटतं. पण यजमानांचा हिशेब पक्का असतो. पाकीट नको, भांडी नकोत, टॉवेल-टोपी तर नकोच. तुम्ही फक्त या, डीजेच्या भिंतीसमोर दोन तास उभे राहा, आणि जाताना कानांचं जे काही शिल्लक राहील ते घेऊन घरी जा. बाकीचं आहेरात जमा.

उन्हाळा म्हणजे लग्नसराई. शाळांना सुट्टी, मुहूर्तावर मुहूर्त, आणि दुपारच्या उन्हात कोणी रस्त्यावर उभं राहत नाही म्हणून हळद रात्री अन् वरात त्याहून उशिरा. सनई-चौघडा कधीच पेनड्राइव्हमध्ये जाऊन बसला. आता घराण्याची पत दारात किती टॉप आणि किती बेस लागले यावर ठरते. मुलीकडच्यांनी चार बेस लावले की मुलाकडच्यांना आठ लावणं भाग पडतं; नाहीतर सोयरे उद्या तोंडावर काही बोलणार नाहीत, पण बोलतील. डीजेवाल्याला सुपारी देताना मामा मोजमाप स्पष्ट सांगतात.

"भाऊ, शेजारच्या खिडक्या वाजल्या पाहिजेत."

"मामा, खिडक्यांचं काय घेऊन बसलात! छातीत धडधड होईल."

"झालीच पाहिजे. पैसे कशाचे देतोय?"

एवढ्यावर विसार दिला जातो. डेसिबल हा शब्द या बोलण्यात कुठेच येत नाही, आणि बरंच आहे. कारण तो आला तर मामांना गणित करावं लागेल.

गणित तसं चौथीतल्या पोराला जमेल. अमेरिकेत 'नायोश' नावाची सरकारी संशोधन संस्था आहे. तिच्या हिशेबाने 85 डेसिबलचा आवाज कान दिवसाला आठ तास सोसू शकतो. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक, आणि 100 वर पोचलात की पंधरा मिनिटं. 109 ला तर दोन मिनिटंसुद्धा पुरी मिळत नाहीत. भिंतीसमोरचा आकडा शंभरी सहज ओलांडतो. म्हणजे नवरदेव मारुतीच्या देवळातून बाहेर येऊन घोड्यावर बसेपर्यंत करवल्यांचा त्या दिवसाचा कोटा खलास. वरात अजून हललेलीसुद्धा नसते, पुढचे दोन तास सगळं उधारीवर.

यंत्र हाताशी नसेल तर साधी खूण आहे. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागलं की 85 च्या पुढे गेलात असं समजावं. आपल्याकडे मात्र 'कधी आलात?' हा प्रश्न तीनदा ओरडून शेवटी खुणेने विचारावा लागला, तरच लग्न थाटात झालं असं म्हणतात.

कायदा या सगळ्याकडे फार आशेने पाहतो. 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम वाचताना मला कायम भरून येतं. राहत्या वस्तीत दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातले फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. त्या यादीत तुमच्या पुतण्याची हळद नसते, पण पुतण्याला हे कोणी सांगायचं? सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिक्षेपकाचा आवाज 75 च्या वर जाता कामा नये, असंही त्यात लिहिलंय. 75 ला आमच्या डीजेवाल्याला मशिन बंद पडल्याचा संशय येतो. तक्रार करायची सोय आहे, नाही असं नाही. फक्त ती करणाऱ्याला उरलेलं आयुष्य त्याच गल्लीत काढायचं असतं.

आता आहेरात नेमकं काय जातं ते पाहू. कानाच्या आत, गोगलगाईच्या शंखासारख्या वळणदार नळीत, प्रत्येक बाजूला साधारण पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. आवाजाची कंपनं त्या मज्जातंतूपर्यंत पोचवतात. जन्मताना मिळाल्या तेवढ्याच, नवीन येत नाहीत. मोठ्या आवाजाने आधी थकतात, मग मरतात. ही सोय निसर्गाने पक्ष्यांना मात्र दिली आहे. कोंबडीच्या कानातल्या या पेशी मेल्या तर काही आठवड्यांत पुन्हा उगवतात. म्हणजे हळदीच्या रात्री डीजेसमोर पाहुणा आणि कोंबडी शेजारी-शेजारी बसवली, तर महिन्याभराने कोंबडीला नीट ऐकू येईल. अडचण एवढीच की हळदीच्या रात्री कोंबडी पाहुण्याच्या शेजारी नसते, त्याच्या ताटात असते.

कानाला स्वतःचा पहारेकरी आहे, आतला एक चिमुकला स्नायू. मोठा आवाज आला की तो आवळला जातो आणि दार थोडं लोटून घेतो. पण त्याला क्षणभराचा उशीर होतो, आणि मांडवासमोर लावलेल्या माळेतला फटाका तेवढा वेळ थांबत नाही. सूनमुख पाहायला वाकलेली आत्या 'अगं बाई!' म्हणते तोवर व्यवहार आटोपलेला असतो.

दुसऱ्या दिवशी कानांना दडे बसल्यासारखं होतं, आत बारीक शिट्टी वाजते. याला आपल्याकडे 'लग्न जोरात झालं' असं म्हणतात. दिवसा-दोन दिवसांत शिट्टी थांबते आणि माणूस निर्धास्त पुढच्या मुहूर्ताला उभा राहतो. शिट्टी थांबली म्हणजे नुकसान भरून निघालं, असं मात्र नाही. आधी जातो तो वरच्या पट्टीतला आवाज, 4000 हर्ट्झच्या आसपासचा. ढोल ऐकू येत राहतो, म्हणून संशय येत नाही. स, श, फ अशी अक्षरं पुसट होतात, आणि सून तोंडातल्या तोंडात बोलते अशी सासऱ्यांची तक्रार सुरू होते. सून बिचारी नीटच बोलत असते. पत्रिकेत 'किलबिल' या मथळ्याखाली ज्या पोरांची नावं छापलेली असतात, त्यांचं बोलणंही असंच पुसट होतं. त्यातलंच सर्वांत धाकटं पिल्लू मामाच्या खांद्यावर, नेमकं बॉक्सच्या तोंडाशी, रडत असतं. रडणं ऐकू येत नसल्यामुळे सगळे त्याला नाचवतात.

याउलट डीजेवाला पाहा. तो बॉक्सच्या मागे उभा असतो, पुढे कधीच येत नाही. टेम्पोचा ड्रायव्हर काचा वर करून बसतो. धंद्यातल्या माणसांना धंदा कळतो.

पाहुण्यांसाठीही उपाय आहेत, पण त्यांत शान नाही. उघड्यावर एकाच बॉक्सपासूनचं अंतर दुप्पट केलं की सहा डेसिबल कमी होतात. मंगल कार्यालयाच्या भिंतींमध्ये ही सवलत पूर्ण मिळत नाही, तिथे मठ्ठ्याच्या निमित्ताने बाहेर पडावं. औषधाच्या दुकानात फोमचे इअरप्लग चहाच्या पैशांत मिळतात. बोटांत गुंडाळून बारीक करायचे, कानाची पाळी वर-मागे ओढायची, आत सारायचे आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचे. कापसाचा बोळा घालून फक्त मनाचं समाधान होतं. लहान मुलांना कानांवर बसणारे मफ घालावेत, आणि त्याहून बरं म्हणजे त्यांना भिंतीसमोर नेऊच नये. शिट्टी दोन दिवसांत थांबली नाही किंवा एक कान अचानक बंद झाला, तर तेल न सोडता लगेच कान-नाक-घसा डॉक्टरांकडे जावं.

प्लग घातलेल्या पाहुण्याकडे मात्र मांडवात असं पाहतात, जणू त्याने जेवणाला नावं ठेवली. म्हणून ते कोणी घालत नाही. आता हेच लोक भोसरी-चाकणच्या कारखान्यांत पाहा. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांची मर्यादा 90 डेसिबल, आणि 115 च्या वर क्षणभरही थांबायचं नाही. प्रेस शॉपच्या दारात सेफ्टी ऑफिसर उभा असतो, प्लगशिवाय आत सोडत नाही. ऑपरेटर दिवसभर निमूटपणे प्लग घालतो, सुटी झाली की ते डब्याच्या पिशवीत टाकतो आणि संध्याकाळी चुलतभावाच्या हळदीत उघड्या कानांनी भिंतीला टेकून नाचतो. सेफ्टी ऑफिसरही तिथेच असतो, मुलीकडून.

जूनमध्ये कंपनीत कानांची वार्षिक तपासणी होते. आलेख 4000 हर्ट्झपाशी खड्ड्यात गेलेला. डॉक्टर विचारतात, "मोठ्या आवाजात कुठे असता?"

ऑपरेटर सेफ्टी ऑफिसरकडे पाहतो. सेफ्टी ऑफिसर कागदांकडे पाहतो.

"मशिनवरच, साहेब."

पुढच्या आठवड्यात कंपनी प्रेस शॉपला जास्त महागाचे प्लग मागवते.