चंद्र स्पष्ट, आत्या धूसर

आमच्या कोथरूडात वस्तू विकत घेण्याला फारसा मान नाही. मान आहे तो वस्तूचा अभ्यास करण्याला. मिक्सर असो, गुडघ्याचा डॉक्टर असो की नातवाची बालवाडी, आधी माहिती गोळा करायची, चार जाणकारांना विचारायचं, त्या चौघांचं कुठे चुकतंय ते त्यांना समजावून सांगायचं आणि मग ती वस्तू घ्यायची की नाही, हे ठरवायला बसायचं. त्यामुळे निवृत्तीच्या पैशातून एक चांगला कॅमेरा घ्यावा असं मी चहा घेता घेता बोलून गेलो आणि आठवड्याभरात अख्ख्या सोसायटीचा अभ्यास पूर्ण झाला. माझा तेवढा राहिला होता.

गरज साधी होती. घरच्यांचे फोटो काढायचे आणि डोंगरदऱ्यांचे. "बाबा, फोन आहे की!" असं म्हणून मुलीने विषय संपवला होता. मी तिला वेताळ टेकडीवर नेलं आणि म्हटलं, काढ सिंहगडाचा फोटो. तिने काढला. त्यात भरपूर आकाश आलं, एआरएआयच्या रस्त्याने फिरायला आलेले दोन आजोबा आले आणि क्षितिजावर एक करडी रेघ आली. ती रेघ म्हणजे सिंहगड. फोनचा मुद्दा निकालात निघाला. मग लेन्स बदलायचा मोठा कॅमेरा? त्यावर बायकोचं म्हणणं होतं, "अहो, तुम्ही लेन्स बदलेपर्यंत टेकडीवरचा मोर उडून जाईल आणि घरातले पाहुणेसुद्धा."

राहिला ब्रिज कॅमेरा. लेन्स कायमची बसवलेली, झूम भरपूर, डोळा लावायला व्ह्यूफाइंडर आणि रूप मोठ्या कॅमेऱ्याचं. या रूपाचा एक तोटा कुठल्याच माहितीपत्रकात छापत नाहीत. असा कॅमेरा गळ्यात घालून लग्नाला गेलं की वधूपक्षाची माणसं खांद्यावर हात ठेवून विचारतात, "पंगतीचे कधी काढताय?"

या कॅमेऱ्यांचं सगळं जग झूमच्या आकड्यावर चालतं. निकॉनने २०१५ साली पी९०० आणला, ८३ पट झूमचा. २०१८ मध्ये पी१००० आणला, १२५ पट झूमचा. २४ पासून थेट ३००० मिलिमीटरपर्यंत. वजन जवळजवळ १.४ किलो. कॅननचा एसएक्स७० त्याच वर्षीचा. झूम ६५ पट, पण वजन ६०० ग्रॅमच्या आसपास. आमच्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअर काकांना हे सगळं तोंडपाठ होतं आणि जिन्यात भेटले की ते नुसता आकडा उच्चारायचे. "एकशे पंचवीस!" एवढंच बोलून वर निघून जायचे. मुळात पट म्हणजे लेन्सच्या लांबच्या टोकाला जवळच्या टोकाने भागून आलेलं उत्तर. त्यावरून लांबचं किती जवळ येईल ते कळतं. फोटो कसा येईल, याबद्दल ते उत्तर चकार शब्द काढत नाही.

हे समजायला कोजागिरी यावी लागली. कर्वेनगरहून मेहुणा आला तो गळ्यात भल्यामोठ्या झूमचा कॅमेरा घालूनच. गच्चीवर दूध आटत होतं, त्यात चारोळ्या पडत होत्या आणि याने ट्रायपॉड उघडला. पहिल्या फोटोत चंद्राच्या जागी नुसता पांढरा ठिपका आला. मग त्याने ऑटो बंद करून एक्स्पोजर बरंच खाली आणलं. चंद्र हा अखेर भर उन्हात पडलेला खडक आहे; त्याचा फोटो दुपारच्या उन्हातला समजूनच काढावा लागतो. पुढच्या फोटोत चंद्रावरचे डाग असे उमटले की सोसायटीने रांग लावली. इंजिनिअर काकांनी रांगेतूनच सांगितलं की खड्डे बघायचे तर अष्टमीला बघावेत, तेव्हा ऊन तिरपं पडतं आणि सावल्या दिसतात. पौर्णिमेचा चंद्र सपाट. माहिती अचूक होती, पण कोजागिरी अष्टमीला आणायची कशी?

खरी गंमत पुढे. मेहुणा म्हणाला, "दाजी, आता आत्यांचा काढतो." आत्या तीन-चार फुटांवर हातात दुधाचा पेला घेऊन बसली होती. डोक्यावर गच्चीतला एकुलता पिवळा दिवा. फोटो काढला. आत्याच्या चेहऱ्यावर कुणीतरी बारीक रवा भुरभुरल्यासारखा दिसत होता. तिने चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं. "अरे, चंद्र एवढा लांब असून स्पष्ट, आणि मी इथे बसलेय तर धूसर?" मग थोडं थांबून म्हणाली, "असू दे. सुरकुत्या गेल्यात."

३ लाख ८४ हजार किलोमीटरवरचा चंद्र दिसतो आणि हाताच्या अंतरावरची आत्या दिसत नाही, याचं कारण सेन्सरमध्ये आहे. एवढा प्रचंड झूम हातात मावेल अशा लेन्समध्ये बसवायचा तर आतला सेन्सर इवलासा ठेवावा लागतो. या जातीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत तो ६.१७ बाय ४.५५ मिलिमीटरचा असतो. उजेड कमी झाला की त्यावर पडणारा प्रकाश पुरत नाही, कॅमेरा आयएसओ वाढवतो आणि फोटोत दाणे येतात. याहून मोठ्या सेन्सरला बाजारात 'एक इंची' म्हणतात, आणि इथे कोथरूडात फ्लॅट घेतलेल्या माणसाने सावध व्हावं. हा इंच सुपर बिल्टअप आहे. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या नळीचा बाहेरचा व्यास मोजायचे, तिथून ते नाव आलं. कार्पेट मोजलं तर भरतं १३.२ बाय ८.८ मिलिमीटर. जिना, लिफ्ट, पार्किंग सगळं धरून तो इंच होतो. तरीही छोट्याच्या चौपट जागा मिळते, हे कबूल केलं पाहिजे.

आता घरातले फोटो. आमचा हॉल जुन्या बांधणीचा. गणपतीला सगळं गोत जमलं की फोटो काढणारा बाल्कनीच्या दाराला पाठ टेकवून उभा राहतो. त्याच्या मागे फक्त कुंड्या. समोर दहा फूट मोकळे मिळतात. २४ मिलिमीटरच्या लेन्समधून दहा फुटांवर साधारण पंधरा फूट रुंदी मावते. २८ मिलिमीटरमधून तेरा फुटांना थोडी कमी. मधले ते दोन फूट म्हणजे आमची एक मावशी आणि तिचे यजमान. झूमच्या शंभर पटींनी त्यांना फोटोत आणता येत नाही. त्यात वाइड लेन्समध्ये कडेची माणसं रुंद दिसतात, हा शोध घरात लागल्यापासून कडेला उभं राहायला कुणी तयार नसतं. शेवटी दोन्ही कडांना जावई लावले. जावयांना नाही म्हणता येत नाही.

सिंहगडाची गोष्ट वेगळी. टेकडीवरून तो हवाई अंतराने १८-१९ किलोमीटर. झूम केला की दूरदर्शनचा मनोरा अगदी हाताशी येतो, पण मधली एवढी हवाही त्याच्याबरोबर मोठी होऊन येते. एप्रिलच्या दुपारी मनोरा उकळत्या पाण्यात बुडवल्यासारखा हलतो. तिथे महागातल्या महाग कॅमेऱ्याचं काही चालत नाही. पावसाची उघडीप मिळाली की सकाळी जावं. हवा धुतलेली असते आणि ऊन पूर्वेकडून डोंगरावर पडतं. आणि ताम्हिणीला गेलात तर झूम विसरूनच जा. तिथे ढग इतके जवळ असतात की त्यांना लांब ढकलायची सोय हवी. छोट्या सेन्सरवर एफ८ च्या नादी लागू नये, हेही तिथलंच शहाणपण. छिद्र फार बारीक केलं की प्रकाश पसरतो आणि झाडाचं पान पानासारखं दिसत नाही. एफ४ पुष्कळ झालं.

एवढा अभ्यास झाल्यावर वनाझला मेट्रोत बसून आम्ही उभयता गावात गेलो. (कोथरूडला येऊन पिढी गेली तरी पेठांकडे जाणं म्हणजे 'गावात' जाणंच.) दुकानदाराने पहिल्यांदा आम्हाला दाराशी नेलं आणि रस्त्यापलीकडच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर कॅमेरा रोखला. तिसऱ्या रांगेतल्या शुभेच्छुकाच्या कपाळावरचं गंध दिसलं. "बघा साहेब!" मी बघितलं. बायको म्हणाली, "या माणसाला आपण ओळखत नाही."

सोनीचा आरएक्स१०, त्यातली चौथी आवृत्ती, सगळ्यात देखणी होती. एक इंची सेन्सर, २४ ते ६०० मिलिमीटर. किंमत ऐकून बायकोने पदराने घाम पुसला. शेवटी पॅनासॉनिकचा २०१४ सालचा एफझेड१००० जुन्यात मिळाला. सेन्सर तोच एक इंची, लेन्स २५ ते ४०० मिलिमीटर. झूम फक्त १६ पट. जिन्यात काका भेटले. मी म्हटलं, "सोळा." ते काही न बोलता खाली गेले.

तुम्ही घ्यायला निघाला असाल तर एवढं करा. जुना घेणार असाल तर टॉर्चच्या उजेडात लेन्समध्ये फंगस बघा, पुण्याच्या पावसाळ्यात ती हमखास धरते. झूम पुढेमागे करून घरघर येते का ते कान लावून ऐका. आणि दुकानदार झूम दाखवायला दाराशी बोलवेल तेव्हा तिकडे जाऊ नका. तुम्ही आत, खोक्यांच्या ढिगामागच्या अंधारात जा, त्याला तिथे उभं करा आणि त्याचाच फोटो काढा. त्याचं तोंड ओळखू आलं तरच पैसे द्या.