खडखडाटाचा निर्देशांक

मुंबईला सेन्सेक्स लागतो, विट्याला कान पुरतात. यंत्रमागाच्या गल्लीतून सकाळी जाताना सगळे माग खडखडत असले की बाजार बरा. निम्मे चालू, निम्मे गप्प असले की सूत महागलंय किंवा कापड उचललं जात नाही. आणि सगळेच एका दमात गप्प झाले की लाईट गेली. या तिसऱ्या अवस्थेला अर्थशास्त्रात अजून नाव नाही. विट्यात आहे, पण छापण्यासारखं नाही.

लाईट गेली की धोटा अर्ध्यावर अडकतो, ताण्याचे धागे तुटतात, आणि लाईट आल्यावर कामगार आधी धागे जोडत बसतो. तेवढ्या वेळात युनिट पडत नाही, हे महावितरणच्या बाजूने सांगायलाच हवं. स्थिर आकार तेवढा पडतो.

आमच्या शेजारचे मागवाले तात्या लाईट बिल पुढ्यात धरून विचारत होते, "वीज आणायचं भाडं वेगळं, इंधन महागलं त्याचं वेगळं, सरकारचं शुल्क वेगळं. मग हा वरचा वीज आकार कशाचा?" हा प्रश्न 2005 साली विचारायचा होता, वीज मंडळ मोडून निर्मिती, पारेषण आणि वितरण अशी भावकीची वाटणी झाली तेव्हा. तात्या तेव्हा धागे जोडत होते.

वीज स्वस्त होते बरं का. 28 मार्च 2025 ला वीज नियामक आयोगाने आदेश काढला, 1 एप्रिलपासून दर कमी. महावितरणने हरकत घेतली, लगेच स्थगिती. मग फेरविचार, 25 जूनला नवा आदेश, 1 जुलैपासून नवे दर. भाव चढताना एवढे कागद लागत नाहीत. तेलाचं पाहा. 20 एप्रिल 2020 ला अमेरिकेत कच्चं तेल शून्याच्याही खाली गेलं. म्हणजे तेल न्या आणि वर पैसेही न्या! पंधरवडा उलटायच्या सुमारास केंद्राने पेट्रोलवर 10 आणि डिझेलवर 13 रुपये शुल्क वाढवलं. पंपावरचा आकडा जागचा हलला नाही. याला खुला बाजार म्हणतात.

खरी गंमत आमच्या तालुक्यातल्या माणसाची आहे. तात्यांचं थोडं रान आहे, तिथे टेंभू योजनेचं पाणी येतं. कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने विजेवर वर चढतं आणि त्या वीजबिलातले 81 टक्के शासन भरतं. विहिरीवरची मोटर साडेसात अश्वशक्तीच्या आत, म्हणून एप्रिल 2024 पासून तीही फुकट. पण तोच माणूस पाय धुऊन मागाच्या खोलीत शिरला की बळीराजाचा उद्योजक होतो. वीज त्याच तारेवरची, माणूस तोच, दर मात्र धोतर की पँट पाहून. तरी 2024 च्या मार्चमध्ये सरकारला मागाची दया आली: 27 अश्वशक्तीच्या आत युनिटमागे 1 रुपया, वर 75 पैसे जादा सवलत. अट फक्त ऑनलाईन नोंदणीची होती. ती करायला लाईट असावी लागायची, ही किरकोळ बाब. सीमेपलीकडे कर्नाटकात 10 अश्वशक्तीपर्यंतच्या मागांना वीज मोफत झाली, हे आम्ही तात्यांना सांगितलेलं नाही. रक्तदाब आहे त्यांना.

आणि पठारांवरच्या पवनचक्क्या? वनकुसवडेपासून ढालगावपर्यंत वारा आमचा, पाती कंपन्यांची. सुरुवातीला पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा मिळायचा, त्यामुळे वाऱ्याबरोबर प्राप्तिकरही उडून जायचा. खाली गावात पंखा बंद, वर डोंगरावर चालू.

तेव्हा आयोगाला एक नम्र विनंती. पुढची दरवाढीची सुनावणी पुण्यात न घेता विट्यात, मागाच्या खोलीत घ्यावी. माग चालू असले तर कुणाचं बोलणं कुणाला ऐकू जाणार नाही, म्हणजे कामकाज नेहमीसारखंच होईल. आणि लाईट गेली, तर मात्र सगळं ऐकून घ्यावं लागेल.