दोन आश्रम आणि एक शेगडी

आपल्या शास्त्रकारांनी आयुष्याचे चार आश्रम पाडले, तेव्हा त्यांच्यासमोर विद्यापीठाचं वेळापत्रक नव्हतं. आधी ब्रह्मचर्याश्रम, मग गृहस्थाश्रम, अशी स्वच्छ विभागणी करून ते मोकळे झाले. पीएचडीची नोंदणी, मुदतवाढ आणि मुदतवाढीची मुदतवाढ यांना त्या योजनेत जागा नाही. बी.कॉम. होऊन काही वर्षं नोकरी केल्यावर अचानक वकील व्हावंसं वाटणाऱ्या माणसाला तर अजिबातच नाही. परिणामी आमचे दोन्ही आश्रम नवी पेठेतल्या तिसऱ्या मजल्यावर एकाच खोलीत भरतात. मी वनस्पतिशास्त्रात पीएचडी करते, नवरा तीन वर्षांची एलएल.बी. करतो, आणि दोघांत मिळून एक शेगडी, एक स्कूटर आणि एक टेबल आहे. टेबल जो आधी पकडेल त्याचा अभ्यास, उरलेल्याचा स्वयंपाक. आमच्याइतकं पहाटे उठणारं जोडपं अख्ख्या पेठेत नसेल.

लग्न झाल्यावर शिकणं ही पुण्याला नवी गोष्ट नाही. जोतिरावांनी सावित्रीबाईंना घरीच शिकवलं आणि १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. १८७३ साली रमाबाई रानड्यांच्या घरात आल्या; माधवरावांनी त्यांना शिकवायला घेतलं आणि घरातल्या बायकांचे टोमणे झेलत त्या शिकल्या. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या, त्यामागे गोपाळरावांचा हट्ट होता. या सगळ्यांपुढे हात जोडून एक बारीकशी गोष्ट नोंदवते. त्या घरांत एक जण शिकवणारा होता आणि एक शिकणारा. आमच्याकडे दोघंही शिकणारे. आणि घरात दोन विद्यार्थी असले की घराला पालक उरत नाही. वीजबिल दुसऱ्याने भरलं असणार, असं दोघंही धरून चालतात. दूध एक तर दोघं आणतात, नाही तर कोणीच आणत नाही.

वर्षाचे बरेच महिने हा कारभार रेटून नेता येतो. भाद्रपद उतरायला लागला की मात्र तीन कॅलेंडरं एकमेकांवर आदळतात. पहिलं भिंतीवरचं: घटस्थापना, दसरा, कोजागरी, दिवाळी. दुसरं विद्यापीठाचं: अंतर्गत परीक्षा, प्रगती अहवाल, सत्रान्त परीक्षा, सगळं सणांच्या आगेमागे. तिसरं कासच्या पठाराचं, आणि ते कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

माझा विषय कीटकभक्षी वनस्पती. जांभ्या खडकाच्या सड्यावर मातीचा थर पातळ, त्यात नत्र फारच कमी. मग तिथल्या काही वनस्पतींनी किडे धरून भागवायचं ठरवलं. दवबिंदू ही वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांत किडा अडकवते. ‘सीतेची आसवं’ असं हळवं नाव मिरवणारी जांभळी-निळी फुलं वरून निष्पाप दिसतात, आणि खाली त्यांच्या बारीक पिशव्या सूक्ष्म जीव आत ओढून पचवत असतात. पाऊस ओसरताना ही मंडळी फुलतात आणि ऑक्टोबरच्या उन्हात पठार वाळलं की संपतात. बघायचं, मोजायचं, परवानगी असेल तेवढे नमुने घ्यायचे, ते त्या मोजक्या आठवड्यांतच. घरी पितृपक्ष आहे, नवऱ्याची परीक्षा आहे, हे फुलाला सांगून काही उपयोग नसतो.

यात एक कौटुंबिक गुंता आहे. कास साताऱ्यापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर, आणि सातारा माझं माहेर. सासूबाई बार्शीच्या. ‘पठारावर निरीक्षणं घ्यायला जाते’ या वाक्याचा त्यांनी लावायचा तो अर्थ लावला. “जा बाई,” त्या फोनवर शांतपणे म्हणाल्या, “आमच्या वेळी माहेरी जायला कोणी पीएचडी देत नव्हतं.” एरवी त्यांना माझं कौतुक आहे. भिशीत त्या सांगतात, “आमची सून किडे खाणाऱ्या झाडांवर शिकतीय.” त्यावर एकीने विचारलं म्हणे, “मग स्वयंपाकाचं कसं?” सासूबाईंनी उत्तर दिलं नाही, दुसऱ्या दिवशी एसटीच्या पार्सलने कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पाठवली. सोलापूर जिल्ह्याने उच्च शिक्षणाला केलेली ही मदत कुठल्याच अहवालात येत नाही.

आमचा पहिला शरद २०२४चा. नवरा तेव्हा दुसऱ्या वर्षाला होता. पहिल्या वर्षी त्याने भारतीय दंड संहिता घोकली होती: १८६० सालचा कायदा, ५११ कलमं. भांडी घासतानाही त्याच्या तोंडात कलमं असायची. आणि १ जुलै २०२४ला ती संहिता जाऊन ३५८ कलमांची भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाची शिक्षा ३०२वरून १०३वर गेली, फसवणूक ४२०वरून ३१८वर. नव्या कायद्यात ३०२ क्रमांकावर शब्दांनी धार्मिक भावना दुखावण्याचा गुन्हा आहे. म्हणजे जुन्या हिंदी सिनेमातल्या न्यायाधीशाने आज ‘दफा तीनसौ दो’ पुकारलं, तर खून करणारा नायक भलत्याच गुन्ह्यात आत जायचा. बरं, आधी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले जुन्या कायद्यानेच चालणार; तेव्हा जुनं विसरायचं नाही आणि नवं पाठ करायचं. नवरा आठवडाभर गप्प होता.

याचा सर्वांत मोठा लाभ वनस्पतिशास्त्राला झाला. वनस्पतीचा नमुना टिकवायचा तर तो कागदाच्या घड्यांत घालून वजनाखाली दाबावा लागतो, आणि दमट झालेले कागद वरचेवर बदलावे लागतात. माझ्याकडे लाकडी प्रेस एकच. मग मी नवऱ्याचे दंड संहितेवरचे ठोकळे खाली काढले.

“अगं, तो कायदा आहे!”

“रद्द झालाय ना?”

“कायदा रद्द झालाय.”

“वजन कायम आहे ना?”

वकिलीच्या विद्यार्थ्याला यावर प्रतिवाद सुचला नाही. तेव्हापासून आमच्या पलंगाखाली दंड संहितेचा मसुदा करणाऱ्या मॅकॉलेच्या परिश्रमांखाली तेरडा, सोनकी आणि गेंद शिस्तीत वाळत असतात. कागद म्हणून जातं ते त्या दिवशीचं वर्तमानपत्र. त्यामुळे नवऱ्याला देशाचं राजकारण पानांच्या कडेकडेने वाचायची सवय लागली आहे. त्या शरदात विधानसभेची निवडणूक लागली होती. जागावाटपाची पहिली बातमी एका गेंदाखाली गेली; गेंद पूर्ण वाळला, शीटवर चिकटला, त्याला लेबल लागलं, तरी जागावाटप चालूच होतं.

नवरात्रात घरमालकीण काकूंकडे घट बसतो. घरात वनस्पतिशास्त्राची बाई राहायला आली, म्हणून पेरणीचा सल्ला त्यांनी मला विचारला आणि मग स्वतःच्या आईने शिकवलं तसंच पेरलं. तिसऱ्या दिवशी मी अंकुरांना पट्टी लावली, तर म्हणाल्या, “देवीला मापं घेतेस?” अंकूर जितके उंच तितकं वर्ष चांगलं, असा त्यांचा हिशेब. प्रकाश कमी मिळाला की रोप उजेड शोधत ताणून वाढतं, म्हणून देवघरातले अंकूर उंच आणि पिवळे असतात, असं मी सांगितलं. आमच्या खालच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका आहे. तिथली मुलंही पहिल्या वर्षी हिरवी येतात आणि पुढे ट्यूबलाइटखाली उंच नि पिवळी होत जातात. काकूंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, “मग त्यांचंही वर्ष चांगलं जाईल.” विज्ञानाने तिथे माघार घेतली.

याच मुलांमुळे आमच्या जिन्यात पाटी आहे: ‘कुकर सकाळी सातच्या आत लावावा. शिट्ट्या मर्यादित.’ मर्यादा किती, ते लिहिलेलं नाही. नवरा म्हणतो, कायद्याच्या भाषेत ही तरतूद संदिग्ध आहे आणि संदिग्धतेचा फायदा आरोपीला मिळतो. म्हणून कुकर तोच लावतो.

खंडेनवमीला शस्त्रपूजा, दसऱ्याला सरस्वतीपूजन. पूजेत मांडलेली पुस्तकं त्या दिवशी उघडायची नाहीत, ही विद्यार्थ्यांच्या बाजूने झालेली आपल्या परंपरेतली एकमेव तरतूद असावी. आम्ही ती मनापासून पाळली. पुस्तकं मांडली, दोन्ही लॅपटॉप मांडले, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. तेवढ्यात माझ्या गाईडचा संदेश आला: “विजयादशमीच्या शुभेच्छा. तिसरं प्रकरण?” लॅपटॉप देवापुढे. नवऱ्याने निकाल दिला की, लॅपटॉप हा ग्रंथ असल्याने आज वर्ज्य. मोबाईल हे शस्त्र असून त्याची पूजा कालच उरकली, सबब तो वापरता येईल. दसऱ्याच्या दुपारी, पुरणपोळीच्या गुंगीत, मी तिसऱ्या प्रकरणाचे तक्ते मोबाईलवर अंगठ्याने दुरुस्त केले. सोनं लुटायला आलेल्या पाहुण्यांना वाटलं, नव्या सुनेला फोनचं फार वेड.

सण म्हणजे सुट्टी असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही तासिका तत्त्वावर कधी शिकवलेलं नाही. मी एका महाविद्यालयात शिकवते ती अशीच. तास झाला तर मानधन, नाही झाला तर नाही. आकाशकंदील लागले की वर्गात सगळे आनंदात असतात. फळ्यापुढे उभी असलेली बाई तेवढी बुडणारे तास मोजत असते. आणि मानधन हातात येतं, तेव्हा ते कुठल्या सणाचं होतं, ते आठवावं लागतं.

कोजागरीला लक्ष्मी कोण जागं आहे ते बघत फिरते आणि जागणाऱ्याला संपत्ती देते, असं सांगतात. त्या रात्री काकूंनी गच्चीवर मसाला दूध आटवलं आणि अख्खी अभ्यासिका वर आली. जागरणाच्या बाबतीत नवी पेठेचा हात धरणारं कोणी नाही. इथे रोज रात्रीच कोजागरी असते. लक्ष्मीच्या वाटपात काही पात्रता चाळणी लावलेली असावी, असं एक मुलगा म्हणाला. दुसऱ्याने पूर्वपरीक्षेचा कट ऑफ विचारला. पुढचा तासभर लक्ष्मीचा विषय निघाला नाही.

दिवाळीच्या तोंडावर मी चिवड्याचे पातळ पोहे गच्चीत उन्हात घातले. शेजारी सड्यावरचे शेवटचे नमुने होतेच. नवऱ्याने गोंधळ टाळण्यासाठी पोह्यांनाही हर्बेरियमचं लेबल लावलं: ‘स्थळ: मंडई. अधिवास: पोतं. संकलक: सौ.’ त्या वर्षी अमावास्या ३१ ऑक्टोबरच्या दुपारी लागून १ नोव्हेंबरच्या संध्याकाळी संपत होती, त्यामुळे लक्ष्मीपूजन नक्की कधी, यावर जिन्यात खल चालू होता. नवऱ्याची अभिरूप न्यायालयाची स्पर्धा जवळ आली होती. त्याने एका संध्याकाळी ३१ तारखेच्या बाजूने युक्तिवाद केला आणि दुसऱ्या संध्याकाळी १ तारखेच्या. काकूंना दोन्ही पटले. शेवटी त्यांनी पंचांग उघडलं आणि १ तारीख कायम केली.

दिवाळसण साताऱ्याला. वडिलांनी जावयाला विचारलं, अंगठी की चेन? जावई लाजत म्हणाला, “न्याय संहितेवरचं नवं भाष्य मिळालं तर बरं होईल.” वडील हबकले, आयुष्यभर त्यांनी सोन्याच्या भावाची चिंता केली, कायद्याच्या पुस्तकांच्या किमती त्यांना प्रथमच कळल्या. आईने मात्र जाताना मला बाजूला घेतलं. वाटलं, आता काही संसाराचं सांगेल. म्हणाली, “ते नवं पुस्तक तरी झाडांवर ठेवू नकोस.”

पालक नसलेलं हे घर अजून उभं आहे, त्याचं कारण एकदाच सांगून टाकते. आमचा कुणी कायमचा कर्ता नाही. ज्याची मुदत लांब, तो त्या आठवड्याचा पालक. त्याने डाळ-तांदूळ बघायचं, दुसऱ्याला कलमं किंवा शास्त्रीय नावं विचारायची आणि रात्री टेबलावर डोकं टेकलं की दिवा मालवायचा. दोघांचीही मुदत एकाच दिवशी आली की बार्शीची भाकरी आहे. फुले-रानड्यांच्या घरांत एकाने दुसऱ्याला शिकवलं. आम्ही आळीपाळीने एकमेकांना पास करतो. व्यवस्था म्हणून ही तात्पुरती आहे, पण चार आश्रमांच्या मूळ योजनेपेक्षा माणसाच्या अधिक सोयीची आहे, असं माझं मत बनलं आहे.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. तुमच्या इमारतीत असं एखादं जोडपं राहत असेल, तर या दिवाळीत त्यांना ‘प्रबंध कधी?’ विचारू नका, आणि ‘गोड बातमी कधी?’ तर मुळीच नको. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे: मुदतवाढ घेतली आहे. त्यापेक्षा चकल्यांचा डबा नेऊन द्या. आणि डबा परत मागू नका. त्यात आतापर्यंत बिया भरलेल्या असतील.