इप्पत्तोंदु म्हणजे वीस एक

2019 च्या जूनमध्ये पुण्याच्या बालभारतीने दुसरीच्या गणितात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' छापले आणि महाराष्ट्राची पाचावर धारण बसली. विधानसभेत कोट्या झाल्या. मुख्यमंत्र्यांच्या आडनावातच 'वीस' दडलेला; त्याचीही फोड झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचे म्हणणे साधे होते: 'पंचवीस' ऐकताना मुलाच्या कानावर आधी पाच येतो आणि पाटीवर आधी दोन काढावा लागतो. त्यात जोडाक्षरांचा जाच. दक्षिणेकडच्या भाषांत ही उलटापालट नाही.

सीमेवरच्या निपाणीच्या बाजारात हा शोध जुनाच. कानडीत इप्पत्तु म्हणजे वीस, ओंदु म्हणजे एक, झाले इप्पत्तोंदु! ऐवत्तोंबत्तु म्हणजे पन्नास नऊ. मराठीत मात्र तेच एकोणसाठ, म्हणजे मुक्काम पन्नाशीत आणि पत्ता साठीचा. पोराने हे 'एकोण' प्रकरण कसेबसे पचवावे, एकोणऐंशी, एकोणनव्वद करत शंभराच्या उंबऱ्याशी यावे, तर तिथे एकोणशंभर नाहीच, नव्व्याण्णव! शेजारी कानडी पोरगं 'तोंबत्तोंबत्तु' म्हणत ढोल बडवल्यासारखं पुढे निघून गेलेलं.

पण 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव, निपाणी म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेली. तिथल्या मराठी शाळांची पुस्तके आता कर्नाटक पाठ्यपुस्तक सोसायटी काढते. त्यामुळे दक्षिणेचा दाखला देत आलेला 'वीस एक' कागलपर्यंत पोचला आणि कोगनोळी नाक्याच्या अलीकडेच थांबला.

कवितेला मात्र नाका लागत नाही. इंदिरा संत बेळगावच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षक घडवत होत्या, पुढे तिथेच प्राचार्या झाल्या. त्यांची 'गवतफुला' बालभारतीतून महाराष्ट्रभरच्या पोरांच्या तोंडी बसली. माळावर पतंग उडवणारा मुलगा इवल्या फुलाशी बोलतो, बस्स. 'मुलांनो, यावरून काय बोध घ्याल' असे त्यात कुठेच नाही. पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्यांना एवढे सुचायला सहसा दोन समित्या आणि तीन बैठका लागतात.

आता निपाणीच्या एखाद्या वर्गात सरांनी 'एकोणसाठ' सांगावे, पोराने मनात 'ऐवत्तोंबत्तु' म्हणून पाच आणि नऊ अचूक काढावेत आणि वर विचारावे (इकडच्या बोलीत 'खरं' म्हणजे 'पण', हे पुण्याच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे),

"लिहाय येतंय, खरं सर, साठ आलंच नाही, तर त्यातनं एक कमी कशाला करायचा?"