सामरीची फेरतपासणी

रामसे बंधूंचे भुतांचे सिनेमे मला आवडत नाहीत, हे मी आजवर इतक्यांना ऐकवलंय की तो माझ्या शैक्षणिक पात्रतेचाच भाग झालाय. लग्नाच्या वेळी सासऱ्यांनी ‘छंद काय?’ विचारलं, तेव्हा मी ‘वाचन’ म्हणालो खरा, पण रामसेंना नावं ठेवणं हा त्याहून जुना छंद होता.

आमच्या पिढीतल्या मराठी मुलाला भुतांची ददात नव्हती. नारायण धारप होते, रत्नाकर मतकरी होते. वाचनालयाचा शिक्का बसलेली ती भुतं सुसंस्कृत असायची. अंगावर येण्याआधी निदान दोन पानं चाहूल द्यायची. रामसेंचं भूत एसटी स्टँडसमोरच्या भिंतीवर, पोस्टरमध्ये, जबडा वासून उभं. आणि त्याच्या हातात हमखास एक बाई. वर ‘केवळ प्रौढांसाठी’. तिकडे बघितलं तरी घरी कुणीतरी चुगली करायचं.

तरीही ‘पुराना मंदिर’ मी 1984 सालीच, आला तेव्हा पाहिला. तालुक्याच्या थिएटरात. तिथं माझी एकच किंकाळी फुटली आणि ती पायावरून उंदीर गेला म्हणून. पडद्यावर त्या वेळी एक प्रेमगीत चालू होतं. मागच्या रांगेतून जोरदार शिट्टी आली. त्या अपमानाचं खापर मी रामसेंवर फोडलं आणि निकाल लावून मोकळा झालो.

आता माझा भाचा सिनेमा शिकतो. तो सुट्टीत आला आणि जेवता जेवता म्हणाला, “मामा, तू रामसेंवर अन्याय करतोस. कल्ट आहे ते.” या पोरांना जे आम्ही तोंड लपवून पाहिलं ते सगळंच कल्ट वाटतं. पण मी जन्मभर बोर्डाचे पेपर तपासले आहेत. फेरतपासणीचा अर्ज आला की तो घ्यावा लागतो. गुण बहुधा वाढत नाहीत, एवढाच परीक्षकाला दिलासा.

अर्जासोबत भाच्यानं उमेदवारांची माहितीही पुरवली. वडील फतेहचंद रामसिंघानी, कराचीत त्यांचं रेडिओचं दुकान. फाळणीनंतर मुंबईत आले आणि लॅमिंग्टन रोडवर पुन्हा दुकान थाटलं. रामसिंघानीचं रामसे झालं. मुलगे सात. म्हातारबोवांनी त्यांना काश्मीरला हाऊसबोटीवर नेलं आणि शिकाऱ्यातून फिरवण्याऐवजी हातात छायाचित्रणाचं पुस्तक दिलं. मग वाटणी झाली. कुमार लिहिणार, गंगू कॅमेऱ्यामागे, किरण आवाज बघणार, अर्जुन संकलन, केशू निर्मिती, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन. आमच्याकडे सात भाऊ असते तर वाटणी कोर्टात झाली असती.

‘दो गज जमीन के नीचे’ या 1972 च्या सिनेमासाठी सगळं कुटुंब बस करून महाबळेश्वरला गेलं. सेट नाही, स्टुडिओ नाही. राहायची सोय तिथंच आणि शूटिंगही तिथंच. घरच्या बायका युनिटचा स्वयंपाक सांभाळायच्या. महाबळेश्वरला जाऊन धुक्याला नावं ठेवत कणसं खाणारे आपण. या लोकांना ते धुकं फुकटात मिळालेला माल दिसलं.

इथवर मी गुण द्यायला तयार नव्हतो. कष्टाळूपणाला गुण नसतात. पण भाच्यानं पुढचा कागद सरकवला आणि माझा घास घशात अडकला. वडील रामसेंनी 1963 साली ‘रुस्तुम सोहराब’ काढला, पृथ्वीराज कपूर आणि सुरैया यांना घेऊन. दिग्दर्शक विश्राम बेडेकर. मग 1970 साली ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’. दिग्दर्शक पुन्हा विश्राम बेडेकर. होय, तेच. ‘रणांगण’वाले. ज्यांच्या कादंबरीवर मी वर्गात तासन्‌तास बोललो आणि मुलं तासन्‌तास झोपली, ते.

तर ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ पडला. पण तुलसी आणि श्याम थिएटरात जाऊन बसायचे. त्यांच्या लक्षात आलं की लोक एकाच प्रसंगासाठी येतात. पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा चढवून संग्रहालयात चोरी करतात, तेवढा बघतात आणि उठून जातात. पोरांनी वडिलांना सांगितलं, बाकीचा सिनेमा कशाला हवा, तो मुखवटाच घेऊ. म्हणजे मराठी कादंबरीला ज्यांनी वळण लावलं, त्यांच्याच पडलेल्या सिनेमाच्या राखेतून ‘पुराना मंदिर’मधला सैतान सामरी उठला. मराठी साहित्याच्या कुठल्याही इतिहासात हा परिच्छेद मला सापडलेला नाही. संपादक मंडळींनी तो सोयीस्करपणे गाळला असावा.

मग रात्री ‘पुराना मंदिर’ लावला. माझी आईही येऊन बसली, कारण तिची मालिका संपली होती.

गोष्ट अशी. विजापूरच्या राजानं सामरी नावाच्या सैतानाचं मुंडकं उडवलं. धड मंदिरापाशी पुरलं आणि मुंडकं पेटीत घालून हवेलीत ठेवलं. मरता मरता सामरीनं शाप दिला, या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंत होताना मरेल. दोनशे वर्षं हे चाललंय.

“दोनशे वर्षं?” आई म्हणाली. “मग या घरात मुली देतं कोण? चौकशी करत नाहीत?”

हवेली दिसली तशी ती ताठ बसली. “हा तर आपल्या मुरुडचा नवाबाचा वाडा! यावरूनच आम्ही शाळेत जायचो.” खरंच, जंजिऱ्याजवळचा तोच तो वाडा. त्यानंतर सामरीची तिच्यापुढे काही मात्रा चालेना. नायिका रात्री एकटी वरच्या मजल्यावर निघाली तेव्हा आई एवढंच म्हणाली, “वर काही नाहीये गं.”

मी मात्र पेन सरसावून पाहत होतो, आणि कबूल करतो, काही ठिकाणी पेन थांबलं. उदाहरणार्थ दार. रामसेंचं दार नुसतं करकरत नाही. आधी कडी हलते, मग फटीतून निळा उजेड जमिनीवर लांबत येतो, त्या उजेडात धूर शिरतो, आणि कॅमेरा जमिनीलगत असा थांबतो की आपण पाय उचलून सोफ्यावर घेतो. (मी घेतले. उंदराची आठवण, दुसरं काही नाही.) गंगू रामसेंनी हे फारशा पैशाविना केलंय. अंधारात दोन रंगीत दिवे कुठं ठेवायचे, हे या माणसाला पक्कं ठाऊक होतं. सामरी झालेला अजय अगरवाल तर ताडमाड, आणि शिक्षणानं सिव्हिल इंजिनिअर. इतक्या मोडकळीला आलेल्या वास्तूंमध्ये वावरायला तेवढी पदवी हवीच.

खलनायक कोण? सदाशिव अमरापूरकर! आदल्याच वर्षी ‘अर्धसत्य’मध्ये रामा शेट्टी होऊन ज्या माणसानं नुसतं खुर्चीत बसून घाम फोडला, तो.

पण मग विनोदासाठी जगदीप आले. ‘शोले’ची नक्कल, गब्बरसिंगच्या जागी मच्छरसिंग. मूळ गोष्टीशी काडीचा संबंध नाही. तिकडे दोनशे वर्षांचा शाप डोक्यावर आणि इकडे हा गोंधळ. मी भाच्याकडे पाहिलं. तो मोबाइलकडे पाहत होता. कल्टमध्ये हे बसतं का, असं विचारल्यावर “इंटर्व्हलच्या आसपास लोकांना ब्रेक लागायचा” म्हणाला. मला ब्रेक उंदरानं दिला होता, तो यापेक्षा बरा होता.

निकाल: प्रकाशयोजना, धूर आणि दार मिळून प्रथम श्रेणी. संवाद नापास. अंघोळीचे प्रसंग अभ्यासक्रमाबाहेरचे. जगदीप कॉपी केसमध्ये. एकूण काठावर पास. भाचा म्हणाला, त्यांच्या प्राध्यापकांनी सत्तर दिले असते. त्यांच्याकडे अंतर्गत गुण असतात, मी म्हणालो.

शेवटी सामरीला जाळलं. सगळे सुटले. आई उठता उठता म्हणाली, “एवढंच करायचं होतं, तर राजानं तेव्हाच दोन गोवऱ्या लावून ते मुंडकं जाळायचं. पेटीत कशाला जपून ठेवलं?”

“आजी, मग सिनेमा दहा मिनिटांत संपला असता ना.”

“संपू दे की,” आई म्हणाली. “तो मच्छर तरी टळला असता.”