समुद्र स्वस्त होईपर्यंत

ज्या गावात नळाला पाणी कधी येणार हे बघून पाहुण्यांना जेवायला बोलावतात, त्या गावातल्या माणसाला क्रूझवर जायची हौस का यावी, असं कुणी विचारलंच तर माझ्याकडे ऐतिहासिक उत्तर तयार आहे. आमच्याच जिल्ह्यात, अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलेलं आहे. पैठणचा माल पहिल्या शतकात बैलगाड्यांवर लादून भडोच बंदराला जायचा आणि तिथून पार रोमन साम्राज्यात. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आहे, अशी नोंद ‘पेरिप्लस’ लिहिणाऱ्या ग्रीक व्यापाऱ्याने करून ठेवली आहे. सारांश, समुद्र आमच्या रक्तात आहे. फक्त जिल्ह्यात नाही.

त्याच व्यापाऱ्याने इजिप्तहून निघायचं तर जुलैच्या सुमारास निघा, असंही सांगून ठेवलंय, कारण तेव्हा वारा भारताकडे वाहतो. तो वारा काही क्रूझच्या भाड्यासारखा दर दोन तासांनी फिरत नव्हता आणि ‘घाई करा, शेवटच्या दोनच केबिन शिल्लक’ असं लाल अक्षरांत ओरडतही नव्हता.

आमच्या घरात क्रूझ शिरली ती मेव्हण्यामुळे. तो डोंबिवलीला राहतो. मुंबई बंदरातून 2021पासून कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ ही बोट गोवा, लक्षद्वीप, कोची अशा फेऱ्या करते. बोट 1990ची, अमेरिकेत तिला आधी ‘नॉर्डिक एम्प्रेस’ म्हणायचे, इकडे नांदायला उशिरा आली. मेव्हणा तिच्यावर जाऊन आला आणि फोनवर म्हणाला, “दाजी, शेवटच्या आठवड्यात काढलं. निम्म्यात पडलं.” गोव्याचं वर्णन त्याने नंतर पुष्कळ केलं, पण ते ऐकायला कुणी थांबलं नव्हतं. ‘निम्म्यात’ हा शब्द बायकोच्या कानावर पडला होता.

“मग आपणही थांबू,” ती म्हणाली.

थांबणं हा तिचा प्रांत. औरंगपुऱ्याच्या मंडईत ती दिवेलागणीच्या आधी पाऊल टाकत नाही. सकाळी ताठ मानेने वीस रुपये मागणारी कोथिंबिरीची जुडी रात्री आठला दहाला दोन होते, हे तिचं अर्थशास्त्र. आणि खरं सांगायचं तर क्रूझवाल्यांचंही तेच आहे. बोटीने धक्का सोडला की रिकाम्या केबिनची किंमत शून्य. रिकाम्या खुर्चीचं हे गणित 1980च्या दशकात अमेरिकेतल्या विमान कंपन्यांनी संगणकावर चढवलं. पुढे हॉटेलवाल्यांनी ते उचललं, क्रूझवाल्यांनी उचललं. क्रूझवाल्यांना तर ते जास्तच मानवलं, कारण विमानातला माणूस फार तर सँडविच घेतो. बोटीवर चढलेला माणूस बारमध्ये जातो, कॅसिनोत बसतो, मालिश करून घेतो, फोटो काढून घेतो. त्यामुळे पलंग रिकामा जाण्यापेक्षा स्वस्तात गेलेला बरा. आमच्याकडून त्यांच्या कॅसिनोला काय मिळणार होतं, हे मी त्यांना कळवलं नाही. आम्ही बरोबर दशम्या नेणार होतो.

मग रोज रात्री जेवणं झाली की भाडं बघायचं, हा कुळाचार सुरू झाला. शेजारचे काका जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेले. त्यांनी आपण होऊन वही घातली. तारीख, केबिनचा प्रकार, भाडं, शेरा. आठवडाभरात त्यांच्या लक्षात आलं की मधल्या वारच्या फेरीचं भाडं डुलत असतं, पण शनिवार-रविवार धरणारी फेरी नाक वर करून चढत जाते. आणि दिवाळी-नाताळच्या फेऱ्या तर उतरायचं नावच घेत नाहीत. मुलांना सुट्ट्या नेमक्या दिवाळी-नाताळातच असतात. काकांचा दुसरा शेरा अधिक मार्मिक होता. “भाडं उतरू लागलं ते ठीक. पण बंदराचे पैसे अन् सेवेचे पैसे कामून उतरंना गेले?” खरंच होतं. मोठ्या अक्षरातली सवलत फक्त मूळ भाड्यावर असते. बंदराचे चार्जेस स्वस्त केबिनवाल्यालाही तेवढेच. निम्मं भाडं म्हणजे निम्मं बिल नव्हे.

शेवटी शिल्लक काय राहतं हाही प्रश्नच. मंडईत रात्री मिळते ती जुडी सुकलेली असते, पण निदान कोथिंबीर असते. बोटीवर शेवटी उरतात त्या बहुधा आतल्या केबिन, म्हणजे खिडकी नसलेल्या. समुद्र बघायला एवढ्या लांब जायचं आणि सकाळी उठल्यावर बाहेर उजाडलंय की नाही हे घड्याळात बघायचं! त्यातून आम्ही चौघं. चौघांना मावेल अशा केबिन मुळात थोड्या आणि त्या आधी उडतात. शेवटच्या आठवड्यातली सवलत असते ती सुटसुटीत दोघांसाठी. ज्यांची मुलं एकतर झालेली नाहीत किंवा परदेशात गेलेली आहेत.

अशी एक परदेशातली भाची आम्हालाही आहे, न्यू जर्सीला. तिने खरी मेख सांगितली. तिकडच्या मोठ्या कंपन्या साधारण तीन महिने आधी पूर्ण पैसे भरायला लावतात. त्या तारखेला हौशे-गवशे गळतात, अडवून ठेवलेल्या केबिन मोकळ्या होतात आणि भाव हलतो तो त्यानंतर. तिच्या घरापासून बेयॉनचा धक्का अर्ध्या तासावर. भाव पडला, बॅग भरली, गेली. “मामा, तुम्ही युरोपचीच घ्या ना, लास्ट मिनिट!” शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या निदान 15 दिवस आधी द्यावा लागतो आणि अर्जाला प्रवासाचा तपशील जोडावा लागतो. आमच्यासाठी ‘लास्ट मिनिट’ आधीच्या महिन्यात येऊन जातो.

पण व्हिसा दूरचा. आमचं गलबत अडलं ते रेल्वे स्टेशनवर.

आगाऊ आरक्षणाची मुदत 120 दिवसांवरून 60 दिवसांवर आली ती 1 नोव्हेंबर 2024पासून. म्हणजे मुंबईला जायचं तर दोन महिने आधी, सकाळी, मोबाईलवर बोट ठेवून बसायचं. देवगिरी एक्सप्रेस रात्रीची. सकाळी सीएसएमटीला सोडते आणि तिथून बॅलार्ड पिअर हाकेच्या अंतरावर. याहून सोयीची गाडी नाही, आणि हे संपूर्ण मराठवाड्याला माहीत आहे. बोटीचं भाडं उतरतं शेवटच्या आठवड्यात. तोवर देवगिरीची प्रतीक्षा यादी लग्नाच्या पंगतीएवढी झालेली. राहिलं तत्काळ. ते उघडतं आदल्या दिवशी आणि मिनिटात संपतं. ते नाहीच मिळालं तर समृद्धी महामार्ग आहे म्हणा, पण मग डिझेल, टोल आणि मुंबईत तीन दिवस गाडी उभी करायचं भाडं! बोटीवर वाचलेले पैसे गाडी नुसती उभी राहून खाणार.

बॅलार्ड पिअरला एकेकाळी मोल स्टेशन होतं. विलायतेहून बोटीने आलेले साहेब उतरले की गाडी धक्क्यावरच हजर. 1928मध्ये सुरू झालेली फ्रंटियर मेलही तिथून सुटायची. तेव्हा गाडी बोटीची वाट बघत होती. आता आम्ही दोन्हींची बघतो.

काकांनी यावर तोडगा काढला: आधी गाडीचं तिकीट काढून ठेवा; बोट उतरली तर जा, नाही उतरली तर तिकीट रद्द करा. वहीवर हे झकास दिसत होतं. “अन् आपण तिकीट रद्द केल्यावर रात्री भाडं उतरलं तर?” बायकोने विचारलं. काका वही मिटून घरी गेले.

निकाल तिनेच दिला. “शेवटच्या आठवड्यातलं भाडं डोंबिवलीकरांसाठी असतं. त्याचं काय जातंय, लोकलने जाईल.” मग साठाव्या दिवशी सकाळी आधी देवगिरी आणि चहा निवायच्या आत बोट, अशी दोन्ही तिकिटं तिने स्वतः काढली, खिडकीच्या केबिनची, आणि भाड्याचं ॲप माझ्या मोबाईलवरून काढून टाकलं. भाडं नंतर उतरलं की चढलं, हे काकांना माहीत आहे. ते वही अजून चालवतात. मला सांगायची त्यांना बंदी आहे.

तेव्हा, तुम्ही कुलाब्याला राहत असाल, दोघंच असाल आणि बॅग दाराशी भरलेली असेल, तर खुशाल थांबा. मराठवाड्यातून निघणाऱ्याने आधी देवगिरी काढावी. आणि चौघांना मिळून एकच केबिन हवी असेल तर हा लेख इथवर वाचण्यातच तुम्ही उशीर केलाय.